शांत पाण्यावरची नाव : आधी स्थैर्य, मग मोटर

स्मरणिकेच्या पानांत आठवणी असाव्यात, गुरुजनांविषयीची कृतज्ञता असावी, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा, हे रीतीला धरूनच आहे. त्यांच्या शेजारी होडी आणि तिची मोटर यांविषयीचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. म्हणून या लेखनामागचे निमित्त आधी सांगतो.

उन्हाळी सुट्टीपूर्वीची पालक-सभा आटोपल्यावर एक पालक प्रयोगशाळेच्या दाराशी थांबून राहिले. त्यांची मुलगी आपल्या वसतिगृहात राहून सातवीत शिकत होती. त्यांचे गाव धरणाच्या फुगवट्यापलीकडे आहे. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो; पाण्यावरून गेले तर दीड किलोमीटर. आजवर गावाचा व्यवहार डोंग्यावर चालत आला. आता गावकऱ्यांनी वर्गणी काढून मोटरची नाव घेण्याचे ठरविले होते. ते म्हणाले, "सर, एक जुनी नाव पाहून ठेवली आहे. विकणारा म्हणतो, बारा माणसं आरामात बसतात. तिला किती हॉर्सपॉवरची मोटर लावावी, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "भाऊ, मोटरचं नंतर पाहू. नावेची रुंदी किती आहे?"

रुंदी कोणी मोजलेली नव्हती. प्रस्तुत लेख हे त्या संभाषणाचेच सविस्तर उत्तर आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि पालकांपैकी अनेकांची घरे तलावांच्या व धरणांच्या काठी आहेत. नवेगावबांध, इटियाडोह यांसारखे मोठे जलाशय आणि गावोगावचे मालगुजारी तलाव हा पूर्व विदर्भाचा चेहराच आहे. कोणी मासेमारी संस्थेचे सभासद आहेत, कोणी शेतावर जाण्यासाठी पाणी ओलांडतात, कोणी पर्यटकांना फिरविण्याचा व्यवसाय करू पाहतात. नाव घेण्याची वेळ यांपैकी कोणावरही येऊ शकते, आणि त्या वेळी पहिला प्रश्न बहुधा मोटरचाच विचारला जातो. तो प्रश्न शेवटी यावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

शांत पाणी किती शांत?

समुद्राच्या मानाने तलाव निवांत असतो, यात शंका नाही. भरती-ओहोटी नाही, प्रवाह नाही, लाटा किरकोळ. म्हणूनच तलावाच्या नावेविषयी आपण बेफिकीर राहतो. पण आजवरचा अनुभव निराळे सांगतो.

३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील ठेक्कडीच्या जलाशयात पर्यटकांची दुमजली नाव उलटली आणि ४५ जणांनी प्राण गमावले. तेथे वादळ नव्हते. काठावरची जनावरे पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस सरकले आणि नावेचा तोल गेला, असे पुढे आले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली. १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या. नावेत क्षमतेहून अधिक मुले होती आणि सर्वांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्या महाराष्ट्रात, उजनीच्या जलाशयात, कुगाव ते कळाशी या मार्गावरील नाव सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एकच जण पोहून काठाला लागला.

या तीन घटना तीन निरनिराळ्या गोष्टी शिकवितात. पहिली म्हणजे माणसांच्या हालचालीने नाव उलटते. दुसरी म्हणजे जादा भाराने ती उलटते. तिसरी म्हणजे शांत पाणी कायम शांत नसते. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा पाऊस आपल्या परिचयाचा आहे. दुपारपर्यंत आरशासारखे असलेले पाणी वाऱ्याच्या एका झोतासरशी खवळते. वाऱ्याला पाण्यावर जितके मोकळे अंतर मिळते तितक्या लाटा मोठ्या होतात. म्हणून लहान गावतळ्यात जी नाव पुरते ती रुंद धरणफुगवट्यावर पुरेलच असे नाही. नाव नेहमीच्या शांत दिवसासाठी निवडायची नसते. वर्षातल्या सर्वांत वाईट अर्ध्या तासासाठी निवडायची असते. आणि आपल्या वसतिगृहाची मुले सुट्टीसाठी घरी जातात ती नेमकी याच दिवसांत, हे विसरता येत नाही.

तरणे निराळे, स्थिर राहणे निराळे

नाव पाण्यावर का तरते, हे नववीच्या पुस्तकात आर्किमिडीजच्या तत्त्वाखाली आपण शिकलो आहोत. नाव स्वतःच्या एकूण वजनाइतके पाणी बाजूस सारते आणि तेवढेच प्लावक बल तिला वर उचलून धरते. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. म्हणजे माणसांसह ४०० किलो वजनाची नाव ०.४ घनमीटर पाणी बाजूस सारील. हा झाला तरण्याचा हिशेब. विक्रेता 'बारा माणसे बसतात' असे म्हणतो तेव्हा तो एवढाच हिशेब सांगत असतो. बारा माणसे बसली तरी नाव बुडणार नाही, हे त्याचे म्हणणे खरेही असेल. परंतु बारा माणसांपैकी दोघे एकदम उठून उभे राहिले तर काय होईल, हे त्या हिशेबात नसते.

स्थैर्य समजण्यासाठी दोन बिंदू ध्यानात घ्यावे लागतात. पहिला गुरुत्वमध्य : नाव, माणसे, मोटर, सामान या सर्वांचे वजन जणू ज्या एका बिंदूतून खाली ओढते तो. दुसरा प्लावन केंद्र : नावेचा जो भाग पाण्याखाली आहे त्याचा मध्य, पाणी जणू त्या बिंदूतून नावेला वर ढकलते. नाव सरळ असताना हे दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. नाव डावीकडे कलली की डावीकडचा अधिक भाग पाण्यात जातो, त्यामुळे प्लावन केंद्रही डावीकडे सरकते आणि तिकडून वर ढकलून नावेला पुन्हा सरळ करते. रुंद नावेत हे केंद्र पुष्कळ सरकते, अरुंद नावेत थोडेच सरकते. या सरकण्यावरून शास्त्रज्ञ एक तिसरा बिंदू काढतात. त्यास मेटासेंटर म्हणतात. लेखात त्यास आपण 'स्थैर्यबिंदू' म्हणू. गुरुत्वमध्य स्थैर्यबिंदूच्या खाली आहे तोवर नाव कलली तरी सावरते. तो जितका खाली तितकी नाव घट्ट. तो वर गेला की नाव सरळ राहूच शकत नाही. लहानशा धक्क्यानेही ती उलटू पाहते.

रुंदीचा हिशेब

आता आकडे मांडू. समजा, सपाट बुडाच्या, पेटीसारख्या आकाराच्या दोन नावा आहेत. दोहोंची लांबी ४ मीटर. पहिलीची रुंदी १ मीटर, दुसरीची सव्वा मीटर. दोन्ही रिकाम्या नावांचे वजन १२० किलो आणि प्रत्येक माणूस ७० किलोचा धरू. प्रत्यक्ष नावा टोकांकडे निमुळत्या असल्याने आकडे थोडे बदलतील, पण तुलना खरी राहील.

स्थैर्यबिंदूची उंची रुंदीच्या घनावर अवलंबून असते, म्हणजे रुंदी गुणिले रुंदी गुणिले रुंदी. सव्वाचा घन जवळजवळ दोन. रुंदी केवळ पावपट वाढली आणि नावेला सावरणारी शक्ती जवळपास दुप्पट झाली. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी.

चार माणसे बाकांवर बसली असता पहिल्या नावेत स्थैर्यबिंदू गुरुत्वमध्याच्या सुमारे ४० सेंटिमीटर वर राहतो, दुसऱ्या नावेत सुमारे १२० सेंटिमीटर. आता एक माणूस बसल्या जागेवरून ४० सेंटिमीटर काठाकडे सरकला. पहिली नाव सुमारे १० अंशांनी कलेल, दुसरी साडेतीन अंशांहून कमी. पहिलीतील सर्व जण दचकून काठ पकडतील. दुसरीत बोलणे चालू राहील.

आता दोन माणसे वाढवू. सहा जण बसले असता पहिल्या नावेतील ते ४० सेंटिमीटर अंतर १८ वर येते. नाव अजून तरते आहे, काठ पाण्याच्या वर आहे, सर्व ठीक दिसते. इतक्यात किनारा आला म्हणून सहाही जण उभे राहिले. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य नावेच्या तळापासून सुमारे ५८ सेंटिमीटरवर असतो, उभ्या माणसाचा ९५ सेंटिमीटरवर. हिशेब केला तर या क्षणी नावेचा एकूण गुरुत्वमध्य स्थैर्यबिंदूच्या ११ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे नाव उलटलीच पाहिजे. वारा नको, लाट नको, कोणाची खोडी नको. हाच प्रसंग सव्वा मीटर रुंदीच्या नावेत घडला तर स्थैर्यबिंदू अद्याप ४५ सेंटिमीटरहून अधिक वर राहतो. नाव हलेल, पण सावरेल.

डोंग्यात उभे राहू नये, ही आपल्या ढिवर बांधवांची पिढ्यान्‌पिढ्यांची ताकीद आहे. तिच्यामागचे शास्त्र ते हेच. झाडाच्या एका खोडातून कोरलेल्या डोंग्याची रुंदी खोडाइतकीच असणार. तो चालविणारा त्यात तळाशी बसतो, भार खाली ठेवतो, आणि आपल्या शरीराने तोल राखतो. डोंगा सदोष नाही. तो कसबी माणसाचे साधन आहे. नवख्या प्रवाशांची, बायकामुलांची, पिशव्या-पोत्यांची ने-आण करण्यासाठी मात्र तो नव्हे.

बुडाचा आकार

शांत पाण्यासाठी सपाट बुडाची किंवा अगदी उथळ कोनाची नाव उत्तम. ती सुरुवातीपासूनच घट्ट वाटते, कमी पाण्यातही चालते आणि मालगुजारी तलावाच्या उथळ काठाला थेट लागते. लाटांवर तिचे बूड आपटते, हा तिचा दोष. पण संथ वेगात तो सुसह्य असतो. खोल कोनाच्या बुडाची नाव समुद्रावर व वेगात चांगली. कमी वेगात ती उभ्या जागी डुलते आणि तिला मोठी मोटर लागते. गोल बुडाची नाव वल्ह्याने हलकी चालते, पण चढता-उतरताना फसविते.

अधिक स्थैर्य हवे असेल तर दोन अरुंद बुडे अंतरावर जोडलेली जुळी नाव पाहावी. सावरणारी शक्ती दोन बुडांमधील अंतरामुळे फार वाढते. कोकणातील होडीला बाजूस जोडलेली उलांडी याच तत्त्वावर काम करते : होडी अरुंदच राहते, पण पाण्यावरचा तिचा पाया रुंद होतो.

काठाची उंचीही तितकीच महत्त्वाची. नाव पूर्ण भरल्यावर काठ पाण्यापासून किमान दीड वीत, म्हणजे साधारण एक फूट, वर असावा. कारण एकदा काठावरून पाणी आत आले की वरचे सर्व हिशेब कोलमडतात. ४ मीटर बाय १ मीटर तळावर केवळ ५ सेंटिमीटर पाणी साचले, तरी ते २०० किलो होते. म्हणजे जवळजवळ तीन माणसे. आणि ही तीन माणसे जागेवर बसून राहत नाहीत. नाव ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस पाणी धावते आणि तिला आणखी कलविते. म्हणून नावेत पाणी उपसण्याचे भांडे दोरीने बांधलेले असावे, आणि पाणी दिसताच उपसावे. किनारा गाठल्यावर उपसू असे म्हणू नये.

माणसे किती?

अमेरिकेत २० फुटांहून लहान मोटरबोटींसाठी एक सोपा नियम रूढ आहे. नावेची लांबी व रुंदी फुटांत मोजावी, दोहोंचा गुणाकार करावा, त्यास १५ ने भागावे. येईल तितकी माणसे. १४ फूट लांब व ५ फूट रुंद नाव घेतली तर ७० भागिले १५, म्हणजे चार. १५ फूट बाय ५ फूट असेल तर पाच. हा नियम शांत हवामानासाठी आहे. वारा असेल तर आकडा आणखी खाली आणावा. चालविणारा त्यातच मोजायचा. मुले लहान आहेत म्हणून दोघांचा एक धरू नये. मुले वजनाने कमी असली तरी हालचालीने अधिक असतात. पोती, सायकल, दुधाचे कॅन हेही भारात धरावेत आणि नेहमी तळाशी, मध्यभागी ठेवावेत.

हा आकडा वाचून अनेकांचा हिरमोड होईल. एवढा खर्च करून पाचच माणसे? होय, पाचच. चालविणारा त्यातच धरलेला असल्याने वीस माणसे न्यायची असतील तर पाच फेऱ्या कराव्यात. पाच फेऱ्यांना दीड-दोन तास लागतील. तेवढाच काय तो तोटा.

नाव कशाची असावी?

लाकडी नाव सुंदर व दुरुस्तीस सोपी, पण दरवर्षी डांबर-रंग मागते आणि उन्हाळ्यात कोरडी ठेवली तर फटी धरते. लोखंडी पत्र्याची नाव स्वस्त व दणकट. ती जड असते आणि गंजते. ॲल्युमिनियम हलके व टिकाऊ, मात्र दुरुस्तीला जाणकार वेल्डर लागतो. फायबरची नाव आज सर्वत्र मिळते. ती कुजत नाही, डागडुजी गावातही शिकता येते.

परंतु येथे एक भेद जाणून घ्यावा. लाकूड पाण्याने भरले तरी तरते. फायबर, ॲल्युमिनियम आणि लोखंड पाण्याहून जड आहेत. यांची नाव पाण्याने भरली की तळाला जाते. म्हणून अशा नावेत हवाबंद कप्पे किंवा पाणी न शोषणारा फोम बसविलेला असलाच पाहिजे. चार-पाच माणसांच्या लहान फायबर नावेला दीडशे ते दोनशे लिटर फोम असावा, म्हणजे ती पाण्याने भरली तरी पृष्ठभागावर राहील आणि माणसांना तिला धरून राहता येईल. हा फोम तळाशी नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या काठांलगत, वरच्या अंगास हवा. तळाशी असेल तर भरलेली नाव पालथी होऊ पाहते. उलटलेल्या नावेला धरून राहावे, पोहत किनारा गाठण्याच्या मोहात पडू नये, हा नियम जगभर शिकविला जातो. पण धरून राहायला नाव वर राहिली पाहिजे.

थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला तराफा हा मात्र नावेला पर्याय नव्हे. जायकवाडीच्या पाण्यालगतच्या भिव धानोरा गावची मुले अशा थर्माकोलवर बसून शाळेत जात असल्याची दखल २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून घेतली होती. तराफा तरतो, पण त्याला ना काठ, ना आकार, ना आधार.

आता मोटर

नाव ठरली की मोटरचा प्रश्न सोपा होतो. प्रत्येक साध्या नावेला लांबीनुसार एक नैसर्गिक वेगमर्यादा असते. पाण्यालगत ४ मीटर लांब असलेल्या नावेची ही मर्यादा ताशी सुमारे ९ किलोमीटर येते. त्याहून अधिक वेग घेऊ पाहिले की नाव स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढू लागते : पुढचे टोक वर, मागची बाजू खाली, पेट्रोल वाया, वेग जेमतेम तेवढाच. आणि मागचा काठ पाण्याजवळ गेल्याने धोका वाढतो तो निराळाच. वेग दुप्पट करण्यास शक्ती सुमारे आठपट लागते, हाही निसर्गाचा नियम आहे.

दीड किलोमीटरचे अंतर ताशी ७ किलोमीटर वेगाने १३ मिनिटांत तुटते, ताशी ९ किलोमीटरने १० मिनिटांत. तीन मिनिटांसाठी १५ हॉर्सपॉवरची जड मोटर मागच्या बाजूस टांगण्यात काय अर्थ? चार-पाच माणसांच्या नावेला अडीच ते पाच हॉर्सपॉवर पुरे. वाऱ्याविरुद्ध जाण्यास थोडी शक्ती राखून हवी, म्हणून पाच घ्यावी. त्यापुढे जाऊ नये.

पेट्रोल मोटर घ्यायची तर फोर-स्ट्रोक घ्यावी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते आणि त्याचा काही भाग धुरावाटे पाण्यात उतरतो. ज्या तलावाचे पाणी गाव पिते आणि ज्यात मासे वाढतात, तेथे हा विचार आधी व्हावा. मोटरचा दांडा दोन मापांत मिळतो : साधारण १५ इंच आणि २० इंच. नावेच्या मागच्या फळीची उंची मोजून त्यानुसार माप घ्यावे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा घेतो आणि नुसताच घोंघावतो. लांब झाला तर उथळ पाण्यात तळाला घासतो.

बॅटरीवरची मोटर शांत तलावासाठी अतिशय योग्य आहे. धूर नाही, आवाज नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही. तिची ताकद हॉर्सपॉवरमध्ये नव्हे, तर रेट्यात, बहुधा पौंडांत, सांगतात. एकूण वजनाच्या दर ५० किलोंमागे १ किलो रेटा हे किमान प्रमाण धरावे आणि वाऱ्यासाठी दुप्पट करावे. नाव, माणसे, बॅटरी मिळून ६०० किलो असतील तर २४ किलो, म्हणजे सुमारे ५५ पौंडांची मोटर. अशी मोटर पूर्ण वेगात १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास चालेल. पण साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून एकच तास मोजावा. वेग कमी ठेवला तर हाच तास पुष्कळ लांबतो. बॅटरीचे वजन २५ ते ३० किलो असते. ती नावेच्या मध्यभागी, तळाशी, घट्ट बांधून ठेवावी. अशी ठेवलेली बॅटरी गुरुत्वमध्य खालीच आणते.

कोणतीही मोटर असो, चार गोष्टी सोडू नयेत. चालकाच्या मनगटाला बांधायची, ओढली जाताच मोटर बंद करणारी दोरी वापरावी. मोटर असली तरी वल्ह्यांची जोडी नावेत असावीच. पंख्यात जलपर्णी किंवा जाळे अडकले तर मोटर बंद करूनच ते काढावे. आणि मोटर मागे, चालक मागे, इंधन मागे अशी स्थिती होत असल्याने प्रवाशांना मध्यभागी व थोडे पुढे बसवावे.

घेण्यापूर्वीची परीक्षा

जुनी नाव घेताना पुढील परीक्षा काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात करावी. प्रथम टेपने लांबी व रुंदी मोजावी. रुंदी काठाशी नव्हे, तर पाण्याची रेघ लागते तेथे मोजावी. नंतर ठरलेल्या माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती तळावर ठेवावीत आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते पाहावे. मग निम्मी पोती एका बाजूस सरकवावीत. त्या बाजूचा काठ पाण्याला टेकू लागला तर ती नाव परत करावी. शेवटी पोती काढून नाव पाण्याने पूर्ण भरावी आणि दोन-तीन माणसांनी काठ धरून पाहावे : ती वर राहते का, सरळ राहते का? विक्रेता या परीक्षेस नकार देत असेल तर तोही एक निकालच समजावा.

यांत्रिक नावेला नोंदणी, तपासणी व क्षमतेचा दाखला लागतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. धरणाच्या पाण्यावर नाव चालविण्यास जलाशय ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगीही घ्यावी लागते. हे सोपस्कार कंटाळवाणे वाटतात. पण क्षमतेचा आकडा नावेवर रंगवून लिहिलेला असला की नाविकाला गर्दीसमोर 'आता पुरे' म्हणण्याचे बळ येते.

जीवरक्षक जॅकेट हा नावेचाच भाग मानावा. पोहता न येणाऱ्यांसाठी १०० न्यूटनचे घ्यावे; शांत पाण्यात ते माणसाचे तोंड वर ठेवते. ५० न्यूटनचे हे पोहणाऱ्यांच्या मदतीपुरते असते. मुलांसाठी मुलांच्या मापाचे घ्यावे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निसटते. आणि जॅकेट बाकाखाली नव्हे, अंगात असावे, पट्टे आवळलेले असावेत.

समारोप

त्या पालकांनी गावी जाऊन जुनी नाव टेपने मोजली. लांबी १८ फूट, रुंदी साडेतीन फूट. गुणाकार ६३; पंधराने भागता चार. विक्रेता बारा सांगत होता. त्यांनी मला फोनवर हे आकडे सांगितले आणि म्हणाले, "सर, मोटरचं विचारायचं राहिलंच नाही. नावच नको म्हणून सांगितलं."

१५ फूट लांब, ५ फूट रुंद, सपाट बुडाच्या नव्या नावेसाठी गावात अद्याप वर्गणी जमते आहे. दरम्यान त्या वर्गणीतून पहिली खरेदी झाली ती दहा जीवरक्षक जॅकेटांची. त्यांपैकी चार मुलांच्या मापाची. डोंगा पूर्वीसारखाच चालतो, पण एका वेळी तिघेच, आणि तिघेही तळाशी बसून. दुपारनंतर आभाळ भरून आले तर डोंगा सुटत नाही. माणसे काठावरच्या झाडाखाली थांबतात.

दिवाळीच्या सुट्टीला त्यांची मुलगी घरी निघाली तेव्हा तिच्या पेटीवर नारिंगी जॅकेट बांधलेले होते. वर्गातल्या मैत्रिणी त्यावरून तिला चिडवीत होत्या. सुट्टीनंतर मी तिला विचारले, "जॅकेट घातलं होतंस ना?" ती म्हणाली, "हो सर. बाबा घातल्याशिवाय बसूच देत नाहीत. आजीलासुद्धा."

तलावाकाठच्या प्रत्येक गावात हा नियम लागू व्हावा, आणि नाव घेण्याचा विषय ग्रामसभेत निघाला की आपल्या शाळेच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने उठून आधी रुंदी विचारावी, एवढीच अपेक्षा.